गुरुत्वाकर्षण व ऊर्जा : वर्गात काय सांगावे

‘गुरुत्वाकर्षण ही पृथ्वीची शक्ती होय’ हे वाक्य आपल्या शाळांच्या फळ्यांवर वर्षानुवर्षे लिहिले जात आहे. बोलण्यात आपण बळ, जोर, ताकद, ऊर्जा या साऱ्यांसच शक्ती म्हणतो, म्हणून त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. परंतु शास्त्राच्या पाठात या एका शब्दाने मोठा घोटाळा होतो. सहावी-सातवीतील मूल हे वाक्य पाठ करते, पुढे वीज कशाकशापासून मिळते ते शिकते आणि मग सरळपणे विचारते, “गुरुजी, पृथ्वीची शक्ती कधी संपत नाही, तर तिच्यापासून फुकट वीज का काढीत नाहीत?” हा प्रश्न हुशार मुलाचा आहे. ‘पुढल्या वर्गात कळेल’ असे म्हणून त्याला खाली बसविणे बरे नव्हे. शिवाय तोच प्रश्न अलीकडे मोठी माणसेही विचारू लागली आहेत. केवळ वजनावर आपोआप फिरणारे चाक, विजेवाचून व डिझेलवाचून पाणी उपसणारे यंत्र अशा चित्रफिती हल्ली ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतात. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून पिकास पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास असे यंत्र घ्यावेसे वाटले तर नवल नाही. आणि पैसे मोजण्यापूर्वी गावात सल्ला विचारला जातो तो पुष्कळदा शिक्षकालाच.

तेव्हा प्रथम शब्द नीट वापरू या. गुरुत्वाकर्षण हे बल आहे, म्हणजे ओढ आहे. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. ओढ असली म्हणजे कार्य घडलेच असे नाही. शाळेच्या गच्चीच्या कठड्यावर ठेवलेली वीट पृथ्वी रात्रंदिवस खाली ओढीत असते. दहा वर्षे ओढली तरी तेवढ्याने काही कार्य होत नाही व पृथ्वीचे काही खर्चही होत नाही. वीट घसरून खाली येऊ लागली म्हणजे मात्र कार्य होते, कारण कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेले अंतर. ओढ कधी संपत नाही हे मुलाचे म्हणणे खरेच आहे. पण संपत नाही ती ओढ, ऊर्जा नव्हे. विटेची उंची एकदा संपली की तिच्याकडून मिळावयाचेही संपले. पुन्हा काही हवे असेल तर कोणीतरी वीट उचलून वर नेली पाहिजे.

हे समजावण्यास विहिरीसारखे दुसरे साधन नाही. एक किलोग्रॅम वस्तुमानावर पृथ्वीची ओढ सुमारे ९.८ न्यूटन असते. दहा लिटर पाण्याची बादली, म्हणजे दहा किलो, पंधरा मीटर खोल विहिरीतून वर काढली तर १० × ९.८ × १५ म्हणजे १,४७० ज्यूल कार्य झाले. हे कार्य कोठे गेले? नाहीसे झाले नाही. ते उंचीच्या रूपाने जमा झाले. यासच आपण स्थितिज ऊर्जा म्हणतो. बादली हातून सुटली तर तळाशी पोहोचेपर्यंत तीच १,४७० ज्यूल ऊर्जा वेगाच्या रूपाने परत मिळते आणि शेवटी आवाज, लाटा व किंचित उष्णता यांत विखुरते. ठेव जितकी, परतफेड तितकी. गुरुत्वाकर्षण येथे पेढीवरील मुनिमासारखे आहे. ते आपल्या पदरचे काही देत नाही. जे ठेवले ते चोख परत करते.

येथे दोन बारकावे शिक्षकाने ध्यानात ठेवावेत. एक, ‘उंचावरील दगडात ऊर्जा साठलेली असते’ असे आपण सोयीसाठी म्हणतो. खरे पाहता ती ऊर्जा एकट्या दगडाची नसून दगड व पृथ्वी या जोडीची असते. पृथ्वी नसती तर उंची या शब्दालाच अर्थ उरला नसता. दुसरे, उंची कोठून मोजावयाची हे आपण ठरवितो. विहिरीच्या काठावरील दगड जमिनीच्या मानाने शून्य उंचीवर आहे, पण विहिरीच्या तळाच्या मानाने तो पंधरा मीटर उंच आहे. हिशेबास लागतो तो दोन ठिकाणांमधील फरक.

आता मोटेकडे वळू. मोट आज चालत नाही, परंतु भोकरदन तालुक्यातील कितीतरी जुन्या विहिरींवर धाव व थारोळे यांच्या खुणा अजून दिसतात आणि घरातील आजोबांनी मोट हाकलेली असते. मुलांना आजोबांकडून मोटेची माहिती लिहून आणावयास सांगावे. पाठ अर्धा तेथेच होतो. धाव ही नेहमी विहिरीपासून दूर उतरत जाणारी का करीत? बैल उतारावरून खाली जाताना त्यांचे स्वतःचे वजन नाडा ओढावयास मदत करते म्हणून. समजा, मोटेत शंभर लिटर पाणी आहे व ते बारा मीटर वर यावयाचे आहे. कार्य झाले ११,७६० ज्यूल. बैलजोडीचे वजन सहाशे किलो धरू आणि धाव दीड मीटर उतरती धरू. जोडी खाली उतरताना ६०० × ९.८ × १.५ म्हणजे ८,८२० ज्यूल कार्य गुरुत्वाकर्षणाकडूनच झाले! बैलांना आपल्या पायांनी भर घालावी लागली ती केवळ २,९४० ज्यूलांची. पाहणाऱ्यास वाटेल की तीन चतुर्थांश पाणी पृथ्वीनेच फुकट वर चढविले. परंतु दुसरी खेप आणावयाची तर जोडीने पुन्हा धावेच्या माथ्यावर यावयास हवे आणि तेथे ती ८,८२० ज्यूल ऊर्जा बैलांना स्वतःच खर्चावी लागते. दोन्ही मिळवा : पुन्हा ११,७६० ज्यूलच. सारे आले कडब्यातून. घर्षणाची झीज निराळी. मग धाव उतरती करून मिळविले काय? ऊर्जेची बचत नव्हे, तर सोय : भरल्या मोटेचा मोठा जोर लावण्याचे काम सुलभ झाले आणि कष्ट जातायेता वाटले गेले. ज्याने प्रथम धाव खोदली त्याची बुद्धी यात दिसते. पण पृथ्वीकडून फुकट काही मिळविणे त्यालाही साधले नाही.

फुकट फिरणाऱ्या चाकाची कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही. आपल्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, चाळीसगावजवळ पाटण हे गाव आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला, असे १२०७ सालचा तेथील शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षून घेण्याची शक्ती आहे असे म्हटले आहे, आणि त्याच ग्रंथातील यंत्रांच्या अध्यायात स्वयंवह यंत्राचे वर्णनही केले आहे : चाकाचे आरे पोकळ व किंचित वाकडे करावयाचे, ते निम्मे पाऱ्याने भरावयाचे, म्हणजे पारा एका बाजूस आसाकडे व दुसऱ्या बाजूस कडेकडे सरकून चाक आपोआप फिरत राहील. असे चाक प्रत्यक्षात फिरत राहत नाही. कडेकडे गेलेला पारा चाकास अधिक जोराने वळवितो हे खरे, पण त्या बाजूस आरे कमी व दुसऱ्या बाजूस अधिक राहतात आणि चाक तोल साधून थांबते. याहून सोपे कारण मुलांना असे सांगता येईल : चाकाचा एक फेरा पुरा झाला म्हणजे पाऱ्याचा प्रत्येक थेंब होता तेथे परत आला. जितका उतरला तितकाच चढला. मग शिल्लक कशातून उरणार? बाराव्या शतकात ऊर्जेची कल्पनाच स्पष्ट झालेली नव्हती. भास्कराचार्यांच्या थोरवीस यामुळे काही बाध येत नाही. युरोपातही अशी चाके शेकडो वर्षे घडविली गेली, इतकी की १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असल्या यंत्रांची तपासणी यापुढे करावयाची नाही असा ठरावच केला. कोणी गावात वजनावर चालणारे यंत्र दाखवावयास आले तर ‘यातील वजन वर कोण चढवितो?’ एवढे विचारावे. उत्तरात मोटार निघेल, लपविलेली बॅटरी निघेल, नाही तर काही वेळाने यंत्र थांबेल.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपणांपैकी बहुतेकांनी सहलीत पाहिली असेल. तेथे पाणी नळातून मनोऱ्यावर चढते व वरून पडून जाते फिरविते. पाणी आपोआप वर चढलेले पाहून मुले चकित होतात. त्यांना सांगावे की हे पाणी दूरच्या डोंगराकडून येते आणि त्याचा उगम मनोऱ्याच्या माथ्याहून उंच आहे. उगमापेक्षा वर ते एक वीतभरही चढणार नाही.

पेढीचा दृष्टान्त अक्षरशः खरा झालेला पाहावयाचा असेल तर अकोले तालुक्यातील घाटघर येथील जलविद्युत प्रकल्प पाहावा. २००८ मध्ये सुरू झालेल्या या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात दोन जलाशय आहेत, एक घाटमाथ्यावर व एक खाली. विजेची मागणी कमी असते तेव्हा वीज वापरून खालचे पाणी वर चढवितात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. जवळच पैठणला जायकवाडी धरणावरही असे उलटसुलट चालणारे बारा मेगावॅटचे यंत्र आहे. अशा प्रकल्पांत चार युनिटे घातली तर साधारण तीन परत मिळतात. तोटा सोसूनही ते चालवितात, कारण वीज हवी त्या वेळी मिळणे यास मोल आहे. घाटघरचे अभियंते गुरुत्वाकर्षणाकडे उगम म्हणून पाहत नाहीत, कोठार म्हणून पाहतात.

परंतु येलदरीला तर पाणी कोणी पंपाने चढवीत नाही, मग तेथली वीज फुकटचीच नव्हे काय? हा पुढचा प्रश्न येणार, आणि तो यावयास हवा. भोकरदनच्या केळणेचे पाणी पूर्णेस मिळते. पूर्णेचे पाणी वाटेत खडकपूर्णा प्रकल्पात अडते. त्यातून पुढे जाणारे जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणात पोहोचते. तेथील जलविद्युत केंद्राची क्षमता साडेबावीस मेगावॅट आहे. एक युनिट वीज म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. पाणी तीस मीटर खाली येते असे हिशेबापुरते धरले तर एका युनिटास सुमारे १२,२५० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात आपल्या गावांत येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणावा. तो टँकरभर पाणी तीस मीटर खाली पडावे तेव्हा एक युनिट, म्हणजे एक पंखा अर्धा दिवस चालेल एवढी वीज! झीज धरली तर पाणी याहूनही अधिक लागेल. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. गुरुत्वाकर्षणाविषयी आपल्या मनात जो दरारा असतो त्या मानाने ते किती दुबळे बल आहे, हे त्यांना आकड्यांतूनच पटेल. छत्तीस लाख ज्यूल तर अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातही असतात.

येलदरीचे पाणी वर चढविले सूर्याने. समुद्राचे पाणी उन्हाने वाफ होऊन वर गेले, ढग झाले, अजिंठ्याच्या माथ्यावर बरसले. आपण टर्बाइनपाशी काढून घेतो ती सूर्याने उंचीच्या रूपाने ठेवलेली ठेव. जलविद्युत ही गुरुत्वाकर्षणाची वीज नसून गुरुत्वाकर्षणाच्या हाताने मिळालेली उन्हाची वीज आहे. ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी पृथ्वीची ओढ तीच असते, पण यंत्रे बंद राहतात. मराठवाड्यातील मुलास यापेक्षा निराळा पुरावा नको.

येथवर प्राथमिक वर्गांचा विषय पुरा होतो. पुढील भाग शिक्षकांच्या स्वतःच्या माहितीसाठी आहे. चौकस मुले येथे थांबत नाहीत म्हणून तो दिला आहे.

सूर्याजवळ ऊर्जा कोठून आली? एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ व केल्व्हिन यांचे उत्तर असे होते की, सूर्य स्वतःच्याच वजनाने आकसत आहे आणि आत पडणाऱ्या द्रव्यातून उष्णता निघते. म्हणजे विहिरीत पडणाऱ्या बादलीचाच हिशेब, पण सूर्याएवढा. हिशेब बरोबर होता. मात्र ही ठेव दोन-तीन कोटी वर्षेच पुरली असती, आणि पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे आहे. खरे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम बनतो व त्यात थोडे वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. दर सेकंदास सुमारे चाळीस लाख टन! गुरुत्वाकर्षणाचे तेथील काम निराळे : गाभा दाबून ठेवावयाचा, म्हणजे शेगडी विस्कटू नये.

वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले. ऊर्जा बरोबर वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. यातून आपल्या विषयाची दुसरी बाजू उघडते. गुरुत्वाकर्षण वस्तुमानावर चालते हे न्यूटनपासून आपण शिकवितो. ऊर्जेलाही वस्तुमान असेल तर ऊर्जेवरही पृथ्वीची ओढ असली पाहिजे, आणि ऊर्जेनेही इतरांस ओढले पाहिजे. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी पूर्ण केलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तात हेच आहे : द्रव्य व ऊर्जा जेथे असतील तेथे अवकाश व काळ यांस वक्रता येते आणि त्या वक्रतेसच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. ज्यास वस्तुमान नाही असा प्रकाशही सूर्याजवळून जाताना वळतो, हे २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात घेतलेल्या छायाचित्रांवरून दिसून आले. तेव्हा ‘चार्ज केलेला मोबाइल अधिक जड होतो का?’ असे कोणी विचारलेच तर उत्तर ‘होय’ असे द्यावे. मात्र किती, हेही सांगावे : एक पूर्ण युनिट ऊर्जा साठविली तर वाढ एका ग्रॅमच्या अडीच कोटीव्या भागाएवढी, आणि मोबाइलमध्ये युनिटाचा लहानसा अंशच मावतो. कोणत्याही सराफाचा काटा ती दाखविणार नाही.

येलदरीच्या खाली पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे. ते हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात येते. त्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. भोकरदनचे पाणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेवर ऊर्जा व गुरुत्वाकर्षण यांचे नाते मोजणारे यंत्र यावे, हा योगायोग शिक्षकाने वाया घालवू नये. या वेधशाळेत काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू असतात. त्यांतून लेसर किरण सोडून बाहूंच्या लांबीत पडणारा फरक मोजतात. हा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो. इतक्या क्षीण खुणा गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या गणितात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एकत्र आली होती. एकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसऱ्याचे सुमारे २९ पट. मिळून झालेले विवर मात्र ६२ पट. तीन सूर्यांएवढे वस्तुमान कमी भरले. मोटेच्या हिशेबात जसे आपण ज्यूल शोधले तसेच शास्त्रज्ञांनी ते शोधले, आणि ते सारे गुरुत्वीय लहरींच्या ऊर्जेत गेल्याचे दिसून आले. प्रकाश नाही, उष्णता नाही, अवकाशालाच आलेली थरथर तेवढी ती ऊर्जा घेऊन निघाली. त्या दिवशी सोमवार होता. भारतीय वेळेप्रमाणे दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, बहुतेक शाळांत अखेरचे तास चालू असावयाच्या वेळी, ती लहर भोकरदनमधूनही गेली, आणि फळ्यासह, बाकांसह, वर्गातील प्रत्येक मुलास अणूहून कितीतरी कमी असे ताणून व दाबून पुढे निघून गेली.